गोळा येतो की आहे?

‘गोळा’ हा एकच शब्द एवढ्या कामांना कुणी जुंपला, त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायचा आहे मला. कणकेचा गोळा, लोण्याचा गोळा, बर्फाचा गोळा. भीती वाटली की पोटात गोळा येतो. उभं राहून पाय भरले की पोटरीत गोळा येतो. आणि अंगात जे वाढायला नको ते वाढतं, तोही गोळाच. शब्दांचा एवढा काय दुष्काळ पडला होता? या एका शब्दाने माझ्या घरात काय घोळ घातला ते सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल.

मी संत तुकाराम नगरात राहते आणि घरून पोळी-भाजीचे डबे करते. बरेचसे डबे आकुर्डीला कॉलेजातल्या मुलांकडे जातात. माझे मालक चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होते. आम्ही मूळचे धाराशिवकडचे, आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून इथेही मी त्यांना नुसतं ‘हे’ म्हणणार आहे. तीस-बत्तीस वर्षं चालवलं तसं आणखी चार पानं चालेल.

क्वालिटीला म्हणजे काय, तर मशीनवरून निघालेला पीस गेज लावून मापायचा. माप बरोबर असेल तर पुढे, सुधारता येण्यासारखं असेल तर रिवर्कला, आणि काहीच होण्यासारखं नसेल तर लाल पेटीत. दिवसभर हेच. मग घरी आलं तरी माणसाची नजर तीच राहते. ताटातली पोळी उचलून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, “एका अंगाला जाड राहिलीय.” मी म्हणायची, “खायची तर खा, नाहीतर टाका तुमच्या लाल पेटीत.” मग निमूट खायचे. दुसरी मागून घ्यायचे वर. असा आमचा संसार, त्यात भांडण होतं पण कडूपणा नव्हता.

एका वर्षी ह्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. पहिल्यांदा ह्यांनी ते बीटावर ढकललं. आमच्या घरात बीट शिजत नाही, कारण ते ह्यांनाच आवडत नाही, हे ते विसरले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनीच. शेवटी मी आणि दिघीला दिलेली आमची मुलगी, दोघींनी मिळून ह्यांना दवाखान्यात नेलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. बिडी जवळजवळ तरुणपणापासूनची. डॉक्टरांनी बिडीचं विचारलं तेव्हा हे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच पेटवून देत होते.

ऑपरेशन मोठं झालं. मूत्राशय काढूनच टाकलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला एक छोटं तोंड ठेवून त्यावर पिशवी चिकटवली. लघवी त्या पिशवीत जमायची, हे ती वेळोवेळी रिकामी करायचे. सुरुवातीला रडले. माझ्यासमोर नाही, न्हाणीघरात नळ सोडून. नंतर सवय झाली, आणि सवय झाल्यावर थट्टाही सुरू झाली. “आपली ड्रेनची लाइन बाहेरून काढलीय,” असं मुलीला सांगायचे. कंपनीने बसून करायचं काम दिलं आणि हे पुन्हा सकाळच्या बसने चाकणला जायला लागले. “रिवर्क होऊन लाइनवर आलो,” म्हणायचे. मला तेव्हा वाटलं, सुटलो. अगदी तोंडाने म्हटलंही, गणपतीसमोर, सुटलो एकदाचे.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या फराळाच्या आसपास ह्यांची डावी मांडी दुखायला लागली. कंपनीच्या बसची पायरी उंच, चढताना कळ यायची. घरी आले की खुर्चीत बसून मांडी दाबत बसायचे.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई. गोळा आलाय.”

आता हे बघा. आमच्याकडे पायात गोळा येतो म्हणजे काय, हे पोरासोरालाही माहीत. स्नायू आखडतो, कळ येते, अंगठा ओढला, पाय भिंतीला टेकवला, थोडं तेल चोळलं की जातो. माणूस ‘गोळा आला’ म्हणतो तेव्हा त्यातच ‘जाईल’ हे गृहीत धरलेलं असतं. घाबरायचं कशाला? मीही घाबरले नाही. तिळाचं तेल कोमट केलं आणि चोळायला बसले. चोळताना आत काहीतरी कठीण हाताला लागायचं, मोठ्या लिंबाएवढं. मला वाटायचं, गोळा आलाय तर कठीण लागणारच की. शब्दानेच उत्तर देऊन टाकलं होतं, मग हाताला कोण विचारतो?

तेलाने उतार पडेना तेव्हा आम्ही आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. कोपऱ्यावरचाच दवाखाना. माझ्या मुलीचे गालगुंड त्यांनी बरे केले, तिच्या मुलाचे जुलाब त्यांनी थांबवले. चांगला माणूस आहे, हात लावला की अर्धं बरं वाटतं असं सगळी वस्ती म्हणते. पण त्या दिवशी तापाची साथ होती, बाकावर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. डॉक्टर म्हणाले, “बोला.”

“मांडीत गोळा येतोय,” हे म्हणाले.

“पाणी कमी पिता का?”

आता पिशवी आल्यापासून हे बसमध्ये अडचण नको म्हणून सकाळी पाणी कमीच प्यायचे. ते खरंच होतं. डॉक्टरांना दुवा मिळाला. कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, केळं खा म्हणाले, नारळपाणी प्या म्हणाले. मांडी बघायला पँट काढावी लागली असती, आणि पँट काढायची म्हणजे पिशवी दिसणार, बाहेर एवढी गर्दी, मध्ये नुसता पडदा. हे उठलेच नाहीत खुर्चीतून. डॉक्टरांनीही ओढून काढलं नाही. गोळा ‘येतोय’ म्हटल्यावर त्यात बघायचं काय? दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी आमची आई म्हणायची. केळ्यांचा घड आणून मी खुंटीला टांगला आणि हे रोज एक सोलून इमानदारीने खायचे.

केळ्यांनीही काही होईना. मग आमच्या जिन्यातली शेजारीण म्हणाली, उसण भरली असेल, मी पाय लावते. ही शेजारीण पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. पायाळू माणसाने दुखऱ्या जागेला पाय लावला की उसण उतरते असं आपल्यात मानतात, तुम्हाला माहीतच असेल. एरवी तिला सगळी कॉलनी बोलवायची, पण ती सगळी बायकांची कंबर. परक्या पुरुषाच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हटल्यावर ती दारातच पदर तोंडाला लावून उभी. इकडे हे सतरंजीवर पालथे, पिशवी दबू नये म्हणून एका कुशीला उशी, आणि वरून सूचना चालू: “वहिनी, जोर नका लावू, फक्त टच करा.” मी म्हटलं, “बाई, तुझा भाऊच आहे असं समज.” ती डोळे घट्ट मिटून पाय पुढे करायची, तो कधी सतरंजीवर पडायचा, कधी उशीवर. शेवटी एकदाचा जागेवर लागला आणि हे कळवळून ओरडले. शेजारीण पळालीच. आम्ही दोघं त्या दिवशी इतके हसलो की ह्यांना पिशवी सांभाळावी लागली. पुढे बरेच दिवस हसायला मिळालं नाही, म्हणून तो दिवस मी जपून ठेवलाय.

मग मोठ्या दवाखान्यातली ठरलेली तपासणी आली. ऑपरेशननंतर ठराविक महिन्यांनी पोटाचा आणि छातीचा स्कॅन करून दाखवायला जायचं असायचं. रिपोर्ट बघणारी डॉक्टर नवीन होती, आमच्या मुलीच्याच वयाची. बोलण्यावरून नांदेड-परभणीकडची वाटली, त्यामुळे मला लगेच आपलीशी झाली. स्कॅन बघून म्हणाली, “काका, पोट स्वच्छ आहे. छातीही स्वच्छ.” माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. पोटाचा स्कॅन मांडीपर्यंत खाली जात नाही, हे तेव्हा कुणाला सुचतंय?

हे फाईल गुंडाळून उठलेसुद्धा. पायाचं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण उठताना डाव्या हाताने टेबल धरलं, ते तिने पाहिलं आणि मीही पाहिलं. मी दारातून मागे फिरले आणि म्हटलं, “डॉक्टर, ह्यांच्या मांडीत लई गोळा येतोय बघा. केळी खाऊन खाऊन कंटाळलेत.”

ती हसली नाही. खुर्ची सरकवून पुढे आली आणि ह्यांनाच विचारलं, “काका, गोळा येतो, की गोळा आहे?”

 इतके दिवस मी तेल चोळलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारणीने पाय लावला, पण हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा खुर्चीत बसले आणि जमिनीकडे बघून म्हणाले, “आहे.”

“जात नाही?”

“न्हाई. सकाळी उठलो तरी असतो. बसलो तरी असतो.”

म्हणजे ह्यांना माहीत होतं. क्वालिटीचा माणूस, रोज हाताने मापत असणार. फक्त तोंडाने ‘आलाय’ म्हणत राहिला, कारण आलेलं जाऊ शकतं. माझ्या पोटात जो गोळा आला तो तिथे, त्या दारात आला.

तिने पडद्याआड नेऊन मांडी नीट तपासली आणि एमआरआय लिहून दिला. रिपोर्टमध्ये मांडीच्या स्नायूत गाठ आहे असं आलं, पण कसली ते मोघम. साकळलेलं रक्त असू शकेल, पू असू शकेल, किंवा जुना आजार तिथे पसरलेला असू शकेल. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कॅन्सर हाडात जातो, फुप्फुसात जातो, यकृतात जातो. स्नायूत रक्त भरपूर फिरतं, तरी तिथे तो सहसा घर करत नाही. का करत नाही ते आम्हालाही पक्कं सांगता येत नाही, बहुतेक स्नायू सारखा हलतो, आवळतो, सुटतो म्हणून असेल, म्हणाली. हे मध्येच म्हणाले, “म्हणजे चालत्या बसमध्ये कुणी बिऱ्हाड मांडत न्हाई, तसं?” ती म्हणाली, “हो काका, तसंच. फार दुर्मिळ आहे. म्हणून सुई घालून तुकडा तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही.”

आम्हाला तेव्हा जगात एकच गोष्ट हवी होती: तो जुना आजार नसावा. मी आयुष्यात पहिल्यांदा, पू असू दे, म्हणून देवापुढे हात जोडले. देवालाही नवल वाटलं असेल. लोक संपत्ती मागतात, मुलगा मागतात, आणि ही बाई नवऱ्याच्या मांडीत पू मागतेय. पण मी मनापासून मागितला. भरपूर पू होऊ दे, चिरा देऊन काढून टाकू दे, ड्रेसिंग मी करीन.

आणि इकडे हे अडून बसले. सुई लावून घेणार नाही. कंपनीच्या बसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं, गाठीला सुई लागली की ती चवताळते आणि अंगभर पसरते. मग प्रत्येकाचा एक काका, एक मेव्हणा, एक गाववाला निघाला, ज्याला सुई लावली आणि जो महिन्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगून बघितलं की सुईने पसरत नाही, पसरलेला असतो म्हणून माणूस जातो. मुलगी दिघीहून रोज संध्याकाळी येऊन समजूत घालून दमली, शेवटी रडली. हे ऐकेनात. “आहे ते राहू दे. त्याला डिवचायचं कशाला?” एवढंच म्हणायचे. आणि मांडी दाबत बसायचे.

मी चार दिवस गप्प बसले. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही, त्यामुळे चार दिवसांत घरातली भांडी फार वाजली. पाचव्या दिवशी सकाळी मी डब्यांच्या पोळ्या लाटत होते, हे समोर चहा घेऊन बसले होते. आयुष्यभराच्या सवयीने एक पोळी उचलून त्यांनी उजेडात धरली.

मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, “एक विचारू? तुमच्याकडे पीस आला, वाकडा वाटला. तुम्ही त्याला गेज न लावता लाल पेटीत टाकता का?”

“न्हाई. असं कसं टाकीन?”

“आणि गेज न लावता पास करता?”

“वेडी का काय तू?”

“मग स्वतःचं काय चाललंय? मापायचं नाही, पास नाही, नापास नाही. नुसतं हातात धरून बसलाय. तुमच्या साहेबाने तुम्हाला एक दिवस ठेवलं असतं का असं?”

त्यांनी पोळी ताटात ठेवली. चहा संपवला, कप स्वतः विसळला, जे ते एरवी कधी करत नसत. मला वाटलं, रागावले. तसे रागावलेच होते, पण माझ्यावर नाही. बाहेर जाऊन चप्पल घालताना म्हणाले, “त्या डॉक्टर पोरीला फोन कर. कधी यायचंय विचार.”

सुई लागली. सोनोग्राफीत बघत बघत एका डॉक्टरने मांडीतून धाग्याएवढे तुकडे काढले. हे डोळे उघडे ठेवून स्क्रीनकडे बघत होते, बाहेर आल्यावर मला म्हणाले, “पोरगं चांगलं आहे, हात स्थिर आहे.” त्याचंही इन्स्पेक्शन करून आले.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांचं काही सांगत नाही. डबे वेळेवर गेले एवढं खरं.

पू नव्हता. मूत्राशयातल्याच पेशी होत्या त्या, मांडीत येऊन बसलेल्या. डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघांच्या मधे स्टूल ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. बरा होणार नाही, पण दुखणं कमी करता येईल, वेळ वाढवता येईल. हे ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे लाल पेटी?”

तिला काही कळेना. मी सांगितलं कंपनीत काय असतं ते. ती विचार करून म्हणाली, “काका, लाल पेटीच्या आधी तुमच्याकडे दुसरं काहीच नसतं का?”

हे मग म्हणाले, “असतं. डेव्हिएशन असतं.” आणि एवढ्या वाईट बातमीनंतर हा माणूस त्या पोरीला डेव्हिएशन समजावत बसला. माप थोडं चुकलंय, पण गाडी चालेल असं वाटलं तर वरून लेखी परवानगी आणायची आणि तेवढाच माल चालवायचा. नेहमीसाठी नाही, तेवढ्यापुरता. ती म्हणाली, “मग मी डेव्हिएशन घेते.” बाहेर आल्यावर जिन्यात मी रडले तेव्हा हे माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवून उभे राहिले. लोक बाजूने वर-खाली जात होते.

दुर्मिळ असल्यामुळे दवाखान्यात ह्यांना भलताच मान मिळाला. मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले, परवानगी विचारून मांडी दाखवली. मला संताप आला, माझा नवरा काय प्रदर्शनात मांडलाय? पण हे आडवे पडून खुशीत होते. “आमच्या घराण्यात आजवर कुणी काय दुर्मिळ केलं नव्हतं,” असं त्या पोरांना सांगितलं, आणि पोरं हसावं की नाही म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायला लागली.

मांडीला शेक दिला. शेक म्हणजे मशीनवरचा, किरणांचा, आपल्या गरम पाण्याच्या पिशवीचा नव्हे. त्याने गाठ आक्रसली, कळ पुष्कळच कमी झाली. नंतर सलाइनमधून द्यायचं एक नवीन औषध सुरू झालं आणि तेही मानवलं. ते दिवस चांगले गेले. मला वाटलं नव्हतं असे गेले. हे सकाळी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचे आणि कंपनीची बस थांबायची तिथे उभे राहायचे. बसायचे नाही बसमध्ये, फक्त सगळ्यांशी बोलायचे. बसवाल्यांना आता सुई लावावी की नाही यावर हे भाषण द्यायचे म्हणे. ड्रायव्हर दोन मिनिटं जास्त थांबायचा.

त्याच दिवसांतली ही गोष्ट. सकाळी ओट्याशी उभं राहून माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की लाटणं हातातून सुटलं. मी पाय धरून भिंतीला टेकून खाली बसले. हे खुर्चीतून कसेबसे उठले, समोर फरशीवर बसले आणि माझं पाऊल हातात घेऊन चवडा वर दाबला.

“अहो, काय करताय? पाय काय धरताय माझा!” आमच्यात नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. मी पाय ओढायला लागले.

“गप बस. येतो की आहे?”

“येतो हो, येतो!”

“मग जाईल.”

चवडा दाबून धरून बसले. स्वतःचा तो पाय सरळ लांब पसरलेला. हळूहळू गोळा सुटला. मी म्हटलं, “गेला.” त्यांनी पाऊल लगेच खाली ठेवलं नाही. माझ्या टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवून बघितला, पीस बघायचे तसा, आणि म्हणाले, “ह्याला काहीतरी लाव की गं. किती चालवलंस ह्याला.” तव्यावरची पोळी करपून काळी झाली होती, ती त्यांनीच खाल्ली.

औषध मानवलं तेवढे दिवस मानवलं. मग दुसऱ्या मांडीत आलं, खांद्यात आलं, पाठीत आलं. चालती बस थांबली होती, मग कुणीही बिऱ्हाड मांडावं. एका दुपारी, मुलगी उशाशी आणि मी पायाशी बसलेली असताना हे गेले. मी पाय चेपत होते. किती वेळ चेपत राहिले ते मुलीने सांगितलं, मला आठवत नाही.

आमचे घरचे डॉक्टर भेटायला आले होते. एमआरआयचा रिपोर्ट आला तेव्हाच हे स्वतः त्यांच्या दवाखान्यात जाऊन त्यांना सांगून आले होते, भांडायला नाही, माहिती म्हणून. “तुमच्याकडे मराठीच पेशंट येतात ना, मग ‘येतो की आहे’ एवढं विचारत जा,” म्हणाले होते. तेव्हापासून डॉक्टर विचारतात. पायात गोळा म्हणून कुणीही आलं, हमाल आला, गरोदर बाई आली, की पहिला प्रश्न तोच. शेजारणीने सांगितलं होतं मला, पण मी स्वतः ऐकलं नव्हतं.

परवा गुडघे फार धरले म्हणून मी त्यांच्याकडे गेले. गुडघे बघितले, रक्तदाब बघितला, डबे कमी करा म्हणाले. लिहिता लिहिता नेहमीसारखं विचारलं, “आणखी काही?”

मला काही सांगायचं नव्हतं. उठणारच होते. पण तोंडातून आलं, “पोटात गोळा...”

त्यांनी मान वर केली नाही. सवयीने, लिहिता लिहिताच म्हणाले, “येतो, की आहे?”

“आहे,” मी म्हटलं. “हे गेले त्या दुपारपासून.”

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पेन टेबलावर ठेवलं. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, तरी ते तसेच बसून राहिले, आणि मीही.